दोन, दीड, सव्वा

आमचे हे रेल्वेच्या फाटकावर कामाला आहेत. म्हणजे लोकांना ताटकळत ठेवायचा पगार घेतात. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते, हॉर्न कोकलतात, कोणी मनगटावरचं घड्याळ नाचवतं, कोणी ह्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करतं. हे आपले केबिनच्या दारात स्टुलावर बसलेले, झेंडी मांडीवर. "अहो, कुठाय गाडी? उघडा की!" "येईल." बस, एवढंच उत्तर. गाडी येते, जाते, शेवटचा डबा वळणाआड होतो. मग हे उठतात, झेंडी गुंडाळतात, चष्मा पुसतात आणि त्यानंतर फाटकाच्या चाकाला हात घालतात. तोवर रांगेतल्या माणसांचं रक्त उकळून आटलेलं असतं.

नोकरीतली सावकाशी मी समजू शकते हो. तिथे घाई केली तर माणसं मरतील. पण माणूस घरी येऊनही फाटक लावूनच बसतो, त्याला काय करावं? आंघोळीला गेले की बादलीतलं पाणी गार होऊन परत तापवायची वेळ येते. बूट घालायला बसले की आधी बुटांकडे बघत बसतात, जणू पहिल्यांदाच भेट होतेय. आणि मी कोण? मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझी दोन मशीन आहेत आणि माझं सगळं आयुष्य "उद्या सकाळी हवंय" या तीन शब्दांवर चालतं. असल्या बाईच्या नशिबी असला नवरा. वरचा कधीकधी गंमत करतो, दुसरं काय!

आमची ओळखही फाटकावरचीच. मी कापडाचं गाठोडं घेऊन रोज तिथून जायची आणि रोज नेमकं माझ्या तोंडावर फाटक पडायचं. बरेच दिवस मी माझ्याच नशिबाला बोल लावला. नंतर कळलं, मी कोपऱ्यावर दिसले की हे फाटक जरा आधीच पाडायचे. एवढा सगळा खटाटोप करून विचारायला किती दिवस लावावेत माणसाने? वर्ष उलटलं. शेवटी मीच फाटकाच्या अलीकडून ओरडले, "अहो, काही विचारायचंय का मला? नसेल तर मी दुसऱ्या रस्त्याने जात जाईन." त्यावर हे काय म्हणाले असतील? "थांबा, गाडी जाऊ दे."

आता आमच्या घरच्या एका मोजणीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. आमची लेक लहान असताना दूध प्यायला नको म्हणायची. मी ग्लास पुढे ठेवायची आणि बजावायची, "पाच मोजायच्या आत संपलं पाहिजे." पाच, चार, तीन, दोन... आणि इथे माझी पंचाईत व्हायची. एक म्हटल्यावर पुढे काय करायचं हे मी ठरवलेलंच नव्हतं. पोरीवर हात उचलणं मला जमत नाही. म्हणून दोननंतर मी दीड म्हणायची. मग सव्वा. तोवर ग्लास रिकामा व्हायचा, आणि दोघींची अब्रू राहायची. पुढे तोच उपाय मी बाथरूमच्या दाराशी ह्यांच्यावर करून बघितला. पाच, चार, तीन, दोन, दीड... आणि सव्वाला खटकन कडी निघाली. तेव्हापासून हे बरोब्बर सव्वाला उठतात. जेवायला हाक मारा, दुकानात पाठवा, पाहुण्यांसमोर आणून बसवा, सव्वा म्हटल्याशिवाय जागचे हलत नाहीत. आमच्या घरात एक हा आकडा कधी कोणी ऐकलेलाच नाही.

अशा माणसाने गोलकीपर व्हावं यात नवल नाही. मैदानावर बाकी दहा जणांना पळावं लागतं.

कामगार लीगमध्ये आमच्या रेल्वेची फुटबॉल टीम आहे आणि हे वीसेक वर्षं तिच्या गोलमध्ये उभे होते. लोक ह्यांना 'सावकाश' म्हणायचे. खरं नाव टीमच्या कॅप्टनलासुद्धा आठवायचं नाही. रेल्वे एक गोलने पुढे असली आणि थोडाच खेळ उरला असला की ह्यांची कला बहरायची. गोल किक मिळाली की चेंडू आणायला असे निघायचे, जसं कोणी जेवणानंतर शतपावली करतंय. चेंडू डावीकडे ठेवायचा. वारा बघायचा. मग उचलून उजवीकडे न्यायचा. मग बुटाची लेस सुटलेली असायचीच. ह्यांच्या लेसची गाठ मी घरी स्वतः ओढून बघितलेली आहे, ती कात्रीनेसुद्धा सुटायची नाही. मैदानावर मात्र आपोआप सुटायची.

आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे पायातला गोळा. बाकीचा कोणी दुखतंय म्हणून आडवा झाला तर उपचार झाल्यावर त्याला घटकाभर बाहेर जावं लागतं. गोलकीपरला तो नियम नाही. तो पडला की खेळ थांबला, आणि तो उठेपर्यंत थांबलेलाच. तेवढ्यात आमची टीम पाणी प्यायची, दम खायची, कोच चार गोष्टी समजावून सांगायचे. समोरचे लोक बोंबा मारायचे, बाटल्या आपटायचे. हे गवतावर पडून ढग बघायचे. फाटकावर रोज शिव्या खाऊन ह्यांची कातडी गेंड्याची झालेली, मैदानावरच्या शिव्यांनी काय होणार?

"गोल सगळेच अडवतात," हे मला ऐटीत सांगायचे. "मी मिनिटं अडवतो."

"मग माझी का अडवता?" मी विचारायची. त्याचं उत्तर यायला वेळ लागायचा.

लेक या सगळ्यात वाढली. गोलच्या जाळीमागे बसून बापाचे चाळे बघायची आणि आमच्याच पद्धतीने मोजायची, दोन, दीड, सव्वा. मला वाटलं होतं ही पोर खेळाडू होईल. झाली रेफरी! आता बोला. एकाच घरात चोर आणि त्याच घरात पोलीस, आणि दोघांचे डबे भरायला मी. आठवडाभर ती शाळेत पोरांना खेळ शिकवते आणि सुटीच्या दिवशी शिट्टी घेऊन मैदानावर जाते. बाप खेळत होता तोवर रेल्वेची मॅच तिने कधी घेतली नाही. पुढे ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, नवा तरणाबांड गोलकीपर आला आणि हे बाकावर जाऊन बसले. राखीव म्हणून नाव तेवढं राहिलं.

आणि मग तो नवा नियम आला. लेकीनेच बातमी आणली. गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून आयती किक. शेवटची पाच सेकंदं रेफरीने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची.

हे जेवत होते. घास हातातच राहिला. "आठ?" म्हणाले. "आठ सेकंदांत तर चेंडूची आणि माझी ओळखसुद्धा होत नाही." मग जरा वेळाने, "बरं झालं, मी वेळेवर थांबलो."

"तुम्ही आयुष्यात एकच गोष्ट वेळेवर केलीत," मी म्हटलं, "आणि तीही गुडघ्यांमुळे."

पण गंमत बाजूलाच राहिली, कारण तो नियम लेकीच्या मुळावर आला. तिला वरच्या श्रेणीत जायचं होतं. तिथे गेलं की बाहेरगावच्या मोठ्या मॅचेस मिळतात. लहानपणापासून पोरीने दुसरं काही मागितलेलं नाही. त्यासाठी एक निरीक्षक येऊन तुमची मॅच बघतो आणि पास-नापास ठरवतो. संधी तीनच. पहिल्या वेळी निरीक्षकांनी सांगितलं, पळता छान, नजर छान, पण वेळ काढणाऱ्यांना फार सूट देता. दुसऱ्या वेळी तर नेमकं बोट ठेवलं. म्हणाले, "मोजताना तुमचं बोट अर्धवट मिटतं आणि तिथेच थांबतं. हे काय आहे?"

काय आहे ते आम्हा तिघांना बरोबर माहीत होतं. ते दीड होतं.

घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तुझ्या दीडने माझा घात केला." समोरच्या पँटला टाचणी टोचायची ती माझ्या बोटाला टोचली. पोर रडली नाही, पण तिचं नाक लाल झालं, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटतं. आता एकच संधी उरली होती.

मग सुरू झाला सराव. स्वयंपाकघरात हे कोबीचा गड्डा छातीशी धरून उभे राहायचे, आणि ती हात वर करून बोटं मिटायची. पाच, चार, तीन, दोन... आणि ते मेलं बोट अर्ध्यावर अडकायचंच. समोर बाप कोबी कवटाळून उभा, चेहऱ्यावर असा विश्वास की अजून वेळ आहे. कोणाचं बोट मिटेल? "बाबा, तुम्ही असं बघू नका ना!" ती चिडायची. "मी कुठे बघतोय? मी वाट बघतोय," हे म्हणायचे. त्या कोबीची शेवटी भाजी केली, तर तीही ह्यांनी तासभर खाल्ली.

तिसऱ्या परीक्षेला कुठली मॅच यावी? रेल्वे विरुद्ध बिस्किट कारखाना. लेकीने लगेच लीगच्या सेक्रेटरींना गाठलं. "सर, माझे वडील बाकावर असतात. मला दुसरी मॅच द्या." सेक्रेटरी म्हणाले, "रेफरी आहेत कुठे? दोघे आजारी, एक लग्नाला गेलाय. आणि तुझे वडील बाकावर बसून काय करणार, बाक पुसणार? खेळणार थोडेच आहेत." कारखान्याच्या कॅप्टनला चालेल का विचारलं, त्यानेही हसून होकार दिला. ह्यांनी तर शपथच घेतली, "मी जागचा हलणार नाही." या एका बाबतीत ह्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला काहीच हरकत नव्हती.

मैदानावर मी रेल्वेच्या बायकांमध्ये बसले. शेजारी स्टेशन मास्तरांची बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात, आणि तिचा आवाज इंजिनाला लाजवेल असा आहे. त्या दिवशी बरोबरी झाली तरी रेल्वे पहिल्या गटात टिकणार होती, हरली तर खाली दुसऱ्या गटात. मला खरं सांगायचं तर गट-बिट काही सुचत नव्हतं. सगळ्यात वरच्या पायरीवर टोपी घातलेले एक वाळकुडे गृहस्थ बसले होते, गळ्यात स्वतःचं घड्याळ, मांडीवर कागद. ते निरीक्षक. मी दर दोन मिनिटांनी मान वळवून त्यांचा चेहरा बघत होते. चेहरा कसला, बंद दुकान.

एक-एक अशी बरोबरी होती, शेवटची वीसेक मिनिटं राहिली होती आणि लेक सुरेख पळत होती. तेवढ्यात आमचा तरणाबांड गोलकीपर खांबावर आपटला. बोट निखळलं. त्याला धरून बाहेर आणलं आणि सगळ्या रेल्वेने एकदम बाकाकडे बघितलं.

माझ्या पोटात गोळा आला. खरा. ह्यांच्यासारखा नव्हे.

हे उठले. जॅकेटची चेन अडकली. ती सुटली तर एकच हातमोजा सापडला. दुसरा कुठाय? दुसऱ्याची शिवण उसवली होती म्हणून तो माझ्याकडे होता, माझ्या पिशवीत! हे रमतगमत मैदानाच्या कडेकडेने आमच्या पायऱ्यांपाशी आले. "अगं, तो मोजा झाला का?"

"लाज वाटते का तुम्हाला?" मी किंचाळले. "पोरीची परीक्षा आहे!" आणि मोजा असा भिरकावला की ह्यांच्या तोंडावर जाऊन बसला.

"शिवण छान घातलीस," म्हणाले, आणि निघाले.

मैदानात लेक हात वर करून उभी होती, घड्याळाकडे बोट दाखवत. म्हणजे हा वाया गेलेला सगळा वेळ ती शेवटी वाढवून द्यायला मोजून ठेवत होती. चेहरा दगडासारखा. "कीपर, लवकर," ती म्हणाली. बाबा नाही, कीपर! ह्यांनीही मान तुकवली. "हो, रेफरी."

खरी धमाल पुढेच. तुम्ही म्हणाल, पोरीसाठी तरी हा माणूस त्या दिवशी चटपटीत वागला असेल. छे! गोलच्या दोन खांबांमध्ये उभं राहिलं की ह्यांच्या अंगात काहीतरी शिरतं. बरोबरी हवी होती आणि बरोबरी हातात होती, झालं. पहिलीच गोल किक, चेंडू डावीकडे, वारा, चेंडू उजवीकडे. लेकीने पळत येऊन ताकीद दिली. दुसऱ्या गोल किकला लेस सुटली. लेकीने खिशात हात घातला आणि बापाच्या नाकासमोर पिवळं कार्ड धरलं.

कारखान्याचे लोक नाचायला लागले. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते कार्ड मीच शिवून दिलंय. आणि हे? हे शांतपणे म्हणतात, "रेफरी, माझं नाव लिहून घ्यायचं असेल ना? सांगतो. जरा मोठं आहे."

"माहीत आहे!" लेक ओरडली. सगळं मैदान हसलं. निरीक्षक हसले नाहीत.

मग दहा मिनिटांनी तो पायातला गोळा आला. हे पोटरी धरून आडवे झाले आणि ढग बघायला लागले. टीमचा मालिशवाला पळत गेला. आता मला राहवेना. आधी उजवी पोटरी धरली होती, आणि मालिशवाला पोचेपर्यंत डावी झाली होती. मी उभी राहून ओरडले, "अहो, पाय बदललात!"

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" मास्तरीणबाई कडाडल्या.

"माझ्या पोरीच्या," मी म्हटलं. "नवरा काय, तो कुठे पळून जातोय?"

शेवटी नेहमीचा वेळ संपला आणि रेल्वेच्या कॅप्टनने आशेने विचारलं, "किती वाढवलेत?" लेक म्हणाली, "कमीत कमी नऊ मिनिटं." कॅप्टन मटकन खाली बसायचा राहिला. ह्यांनी अडवलेलं एकूण एक मिनिट तिने जसंच्या तसं परत आणून ठेवलं होतं.

त्या वाढीव वेळात उजवीकडून एक उंच चेंडू आला आणि ह्यांनी तो झेलला. झकास झेलला, खोटं कशाला बोलू. अंगाखाली घेऊन पडले, सावकाश उठले, चेंडू छातीशी. अगदी त्या कोबीसारखा. लेक थोड्या अंतरावर उभी राहिली आणि तिने हात वर केला. पाच बोटं.

कारखान्याचे लोक मोठ्याने मोजायला लागले. "पाच! चार!" हे उभेच. "तीन!" ह्यांनी चेंडूवरची माती झटकली. "दोन!" आणि ह्यांनी मान वर करून लेकीच्या बोटाकडे बघितलं. तोच चेहरा, तोच विश्वास. हे दीडची वाट बघत होते! सगळ्या मैदानात हे फक्त मला दिसत होतं. "अहो, टाका!" मी ओरडले. "दीड नाहीये! दीड नाहीये!" आजूबाजूच्या बायकांना वाटलं हिला वेड लागलं. मी लेकीच्या हाताकडे बघत होते. ते शेवटून दुसरं बोट थरथरलं. शप्पथ सांगते, थरथरलं. आणि मग ते पुरतं मिटलं. त्याच्यामागून शेवटचंही मिटलं, आणि शिट्टी वाजली.

कॉर्नर.

हे चेंडू धरून तसेच उभे. इतक्या गोंगाटातही मला ह्यांचे ओठ वाचता आले. "अगं, दीड?"

लेकीने कोपऱ्याकडे हात दाखवला आणि पाठ फिरवली. कॉर्नर आला, कारखान्याच्या एका धिप्पाड गड्याने डोकं लावलं आणि चेंडू आत. दोन-एक.

त्यानंतर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमचे हे पळाले! जाळीतून चेंडू काढला, काखेत मारला आणि मधल्या वर्तुळापर्यंत धावत गेले. "चला, चला, वेळ नाहीये!" स्वतःच्या माणसांना ढकलत होते. "रेफरी, घड्याळ बघताय ना? हे लोक वेळ काढतायत!" मी डोळे चोळले. गॅस संपला तर नवा सिलिंडर आणायला दोन दिवस लावणारा हाच तो माणूस? रेल्वेला एक शेवटचा कॉर्नर मिळाला, तर हे आपला गोल उघडा टाकून सगळं मैदान ओलांडून पलीकडे गेले. पायऱ्यांवरून लोक आरोळ्या देत होते, "सावकाश, पळ! सावकाश, पळ!" मास्तरीणबाई चप्पल हातात घेऊन ओरडत होत्या. मीसुद्धा ओरडले. शेवटी नवरा माझाच आहे.

कॉर्नर आला आणि कारखान्याच्या गोलकीपरने तो अलगद झेलला. झेलला, आणि अंगाखाली घेऊन पडला, आणि सावकाश उठायला लागला. हे त्याच्या शेजारी उभे राहून लालबुंद झाले. "अरे, लाज नाही वाटत वेळ काढायला? खेळ आहे का हा? रेफरी, मोजा! मोजा ना!"

लेकीने हात वर केला. पाच, चार, तीन, दोन. त्या गोलकीपरने चेंडू लांब भिरकावून दिला. त्याच्या घरी दीड नसावं. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी वाजली. रेल्वे खाली गेली.

निरीक्षक पायऱ्या उतरून लेकीपाशी गेले. मीही मागोमाग गेले, कोण अडवणार मला? त्यांनी कागदाची घडी घातली. "बोट पूर्ण मिटलं," म्हणाले. "पास." मग चष्म्यावरून बघत, "पण तो गोलकीपर म्हणजे काय नमुना आहे हो! एवढा बेरकी माणूस मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. त्याला कॉर्नर देताना जरा कचरलात, असं वाटलं."

"ते माझे वडील आहेत, सर," लेक म्हणाली.

त्या बंद दुकानाची एक फळी जरा हलली. त्यांनी टोपी काढून परत घातली आणि ते गेले.

पोर पास झाली होती. मी तिला मिठी मारली, तर ती लाकडासारखी. "आई, बाबा कुठायत?"

बाबा कपडे बदलायच्या खोलीत होते. बाकीची टीम माना खाली घालून निघून गेली. आम्ही दाराबाहेर उभ्या. मैदानाचा रखवालदार किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. हे उशीर करतात यात नवीन काय, पण त्या दिवशीचा उशीर वेगळा होता. त्या माणसाची ती शेवटची मॅच होती. कुठल्या टीमने त्याला परत उभं केलं असतं? आणि शेवटचा गोल त्याच्यावर झाला तो त्याच्याच पोरीच्या शिट्टीने. माझाही जीव कालवला हो. हसणारी बाई आहे मी, पण दगड नाही.

"मी हाक मारते," मी म्हटलं.

"नको," लेक म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. ती दारासमोर उभी राहिली, अजून रेफरीच्याच कपड्यांत, गळ्यात शिट्टी. तिने हात वर केला. दार बंद, आतल्या माणसाला काय दिसणार? पण केला.

"बाबा," ती म्हणाली. "पाच. चार. तीन."

कडी हलली नाही.

"दोन." तिचा आवाज चिरकला.

"दीड."

खटकन कडी निघाली. सव्वाच्या आधी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात हे उभे, अंगात एकच बाही घातलेली, डोळे लाल, बुटांच्या लेस दोन्ही सुटलेल्या. खरोखरच्या सुटलेल्या.

"मिळालं एकदाचं दीड," हे म्हणाले. मग लेकीकडे बघत हळूच विचारलं, "पास?"

तिने मान डोलावली.

"मग झालं तर," म्हणाले आणि खाली बसून लेस बांधायला लागले. आधी एका बुटाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. रखवालदाराने परत किल्ल्या वाजवल्या. मी त्याला म्हटलं, "थांबा हो जरा, काय घाई आहे?" लेक बापाशेजारी उभी होती, आणि तिचा हात अजून वरच होता, एक बोट अर्धवट मिटलेलं.